छप्पर, हिशेब आणि सहा माणसं

प्रिय ताई, सप्रेम सलाम.

मी रत्नागिरी जिल्ह्यात किनाऱ्यालगतच्या एका लहान ख्रिस्ती मंडळीचा पाळक आहे. इथे येऊन सहा वर्षं झाली. रविवारी उपासनेला पंचवीसएक माणसं असतात, बहुतेक बायका आणि वयस्कर मंडळी. माझ्याबरोबर शिकलेले पुण्या-मुंबईचे पाळक तीनशे-चारशे जणांची मंडळी सांभाळतात. मी मात्र सोमवारी ठरवलेलं काम शनिवारपर्यंत करत नाही. संदेश शनिवारी रात्री अकरा वाजता लिहायला घेतो. त्याआधी टेबल आवरतो, फोन बघतो, मंडळीवाढीवरची भाषणं ऐकतो, वहीत योजना लिहितो. घरभेटी राहतात, रजिस्टर राहतं, पत्रांची उत्तरं राहतात. गेल्या मे महिन्यात छपरासाठी वर्गणी जमली होती. पावसाआधी शाकारणी झाली नाही. ऑगस्टच्या सभेत आमच्या मंडळीच्या एका वडिलांनी (म्हणजे कारभार बघणाऱ्या ज्येष्ठांपैकी एक, निवृत्त पोस्टमास्तर आहेत) हिशेब विचारला, शब्दाला शब्द वाढला, आणि तेव्हापासून त्यांच्या घरचे सहाही जण येत नाहीत. नाताळातही आले नाहीत. पैसे बँकेत आहेत, सुताराला दिलेल्या इसाऱ्याची पावती ड्रॉवरमध्ये आहे. त्यांच्याकडे एकदा जायचं आहे. मंडळी वाढावी म्हणून प्रोजेक्टर घ्यावा का, तरुणांसाठी वेगळी उपासना सुरू करावी का, याबद्दल तुमचं मत हवं आहे. कधी कधी वाटतं, देवाने मला या सेवेला बोलावलंच नव्हतं, माझं पाचारणच खरं नव्हतं. मी आळशी आहे एवढंच खरं.

एक पाळक

*

आदरणीय पाळकसाहेब, सप्रेम सलाम.

तुमचं मूळ पत्र चार पानांचं आहे, इथे जागेपुरतं छापलं. त्या चार पानांत प्रोजेक्टरवर पाऊण पान आहे आणि पोस्टमास्तरांच्या घरी जाण्याबद्दल एक ओळ. मी उत्तर त्या ओळीपासून सुरू करते, कारण तुमचं सगळं दुखणं मला तिथेच दिसतं.

आधी एक सांगते. तुम्ही आळशी नाही. आळशी माणूस वहीत पानंच्या पानं योजना लिहीत नाही आणि रात्री दोनपर्यंत जागून संदेश पुरा करत नाही. तुम्ही दिवसभर राबता, पण जे काम करायला छाती होत नाही, ते सोडून त्याच्या आजूबाजूचं सगळं करता. टेबल आवरलं की काहीतरी केल्याचं समाधान मिळतं. भाषण ऐकलं की मंडळीसाठीच वेळ दिला असं वाटतं. आणि पोस्टमास्तरांचं घर आणखी एक आठवडा लांब जातं.

आता घडलं काय ते क्रमाने बघू. मेमध्ये वर्गणी जमली. शाकारणी लांबली, त्यामुळे खर्च झाला नाही, त्यामुळे दाखवण्यासारखा हिशेब नव्हता, म्हणून तुम्ही तो विषयच काढला नाही. जुलैत छप्पर गळायला लागलं. पोस्टमास्तरांच्या जागी क्षणभर बसा. आपण पैसे दिले, मुंबईच्या नातेवाइकांकडून मागून आणले, बाकावर पागोळी पडते आहे, आणि पाळक त्या पैशांबद्दल अवाक्षर काढत नाहीत. कोणीही विचारलं असतं. त्यांनी निदान सभेत, सगळ्यांसमोर विचारलं. पाठीमागे कुजबुज केली नाही. तुम्ही प्रामाणिक आहात याबद्दल मला शंका नाही, पण प्रामाणिकपणा ड्रॉवरमध्ये ठेवला तर बाहेरच्याला तो कसा दिसणार?

एकतीस माणसांची मंडळी पंचवीसवर आली ती अशी. पाचातला एक माणूस गेला, आणि तुम्ही मंडळी वाढत का नाही याची भाषणं ऐकता आहात. मी हे तुम्हाला टोचायला लिहीत नाही. टाळाटाळ हा एक प्रश्न आणि मंडळीची वाढ हा दुसरा, असं तुम्ही पत्रात धरून चालला आहात. तुमच्या बाबतीत ते दोन्ही एकच आहेत, आणि ही चांगली गोष्ट आहे, कारण एक सोडवला की दुसऱ्याला हात लागतो.

बायबलमधल्या प्रेषितांच्या कृत्यांच्या २४व्या अध्यायातला सुभेदार फेलिक्स तुम्हाला मी सांगायला नको. कैदेतल्या प्रेषित पौलाचं बोलणं ऐकून तो घाबरला आणि म्हणाला, आता जा, सवड झाली की बोलावीन. त्याने पौलाला नकार दिला नाही, अपमानही केला नाही. फक्त पुढे ढकललं. त्यापायी पौल दोन वर्षं कैदेत राहिला. पुढच्या वेळी हा पाठ वाचाल तेव्हा फेलिक्सबरोबर त्या दोन वर्षांचाही विचार करा. इथे ऑगस्टपासून सहा माणसं उपासनेविना आहेत, प्रभुभोजनाविना आहेत. त्यांच्यातल्या लहान मुलांना तर मोठ्यांचं भांडण काय ते कळलंही नसेल.

तर आधी हिशेब. एक फुलस्केप कागद घ्या आणि आज रात्रीच लिहून काढा. वर्गणी कोणाकडून किती आली, पावती क्रमांक काय, बँकेत कधी भरली, सुताराला इसारा किती, आज शिल्लक किती. पासबुकाच्या शेवटच्या पानाची झेरॉक्स सोबत जोडा. कागद बरोबर येत नसेल, शंभर-दोनशे रुपयांचा फरक निघत असेल, तर तो फरकही तसाच लिहा. येत्या रविवारी सूचनांच्या वेळी उभं राहून हा कागद वाचा, मग दारापाशी फळ्यावर लावा. वाचताना एवढंच म्हणा की हा हिशेब मी ऑगस्टमध्ये द्यायला हवा होता, उशीर माझ्याकडून झाला. कारणं सांगत बसू नका. पाऊस, सुतार, घरचं आजारपण, सगळं खरं असेल, पण त्या कागदाशेजारी कारणं उभी केली की कागदाचं वजन कमी होतं.

हे भेटीच्या आधी का, तर प्रश्न चारचौघांत विचारला गेला होता. त्याचं उत्तर तुम्ही एकट्याच्या घरी जाऊन दिलंत, तर गावात तोंड बंद करायला गेले असं होईल. उत्तर चारचौघांत दिलंत की ते त्याच संध्याकाळी पोस्टमास्तरांच्या ओटीवर पोचेल. कोकणात त्यासाठी फोन लागत नाही.

मग सोमवारी किंवा मंगळवारी जा. फोन करून वेळ मागू नका. वेळ मागितली की त्यांना नकार द्यायला आणि तुम्हाला न जायला जागा होते. दुपारची वामकुक्षी आटोपून चहाचं आधण ठेवलेलं असतं, त्या वेळी जा. एकटे जा. दोन वडील बरोबर घेऊन गेलात तर ती समजूत घालायला आलेली कमिटी होईल. बायबल पिशवीत असू द्या, हातात नको. ओटीवर बसा म्हणाले तर ओटीवर बसा, आत बोलावण्याची वाट बघू नका. ते बोलायला लागले तर पूर्ण बोलू द्या, मध्ये "पण तसं नव्हतं हो" म्हणू नका. ते काहीच बोलले नाहीत तर घरातल्यांची चौकशी करा, बागेची करा, मोहोर कसा आहे विचारा. प्रार्थना करू का, हे विचारून करा. आणि रविवारी येणार ना, हे पहिल्या भेटीत अजिबात विचारू नका. तुम्ही आकडा भरून काढायला आलात असं त्यांना एकदा वाटलं की सगळं फुकट गेलं.

पुढच्या आठवड्यात पुन्हा जा. कदाचित ते दार उघडून तुटकच बोलतील, कदाचित ईस्टरपर्यंत येणारच नाहीत. तरी जात राहा. ते तुमच्या मंडळीतलं घर आहे आणि तुम्ही त्या घराचे पाळक आहात. उपासनेला आले किंवा न आले म्हणून त्यात फरक पडत नाही.

पैशाबद्दल माझं ठाम मत आहे, ते स्पष्ट लिहिते. मंडळीचा पैसा पाळकाच्या हातात असूच नये. सहीपुरताही नसला तर उत्तम. सार्वजनिक न्यास म्हणून नोंदलेल्या संस्थेला ३१ मार्चला वर्षाचा हिशेब बंद करून तपासून घ्यावा लागतो, ते कायद्याचं झालं. पण लहान मंडळीत त्याहून मोठी गोष्ट अशी की ज्याने शनिवारी आजाऱ्याच्या उशाशी बसायचं, त्याच्याकडे बघून कोणाच्या मनात वर्गणीचा विचार येता कामा नये. यरुशलेमेतही विधवांच्या रोजच्या वाटपावरून कुरकुर झाली, तेव्हा प्रेषितांनी सात जण नेमले आणि ते काम त्यांच्याकडे सोपवलं. तुमच्याकडे पोस्टमास्तर आहेत. आयुष्यभर गावाच्या मनीऑर्डरी आणि बचत खाती पै-पैशाने जुळवलेला माणूस! खजिनदार होण्याचं पहिल्या भेटीत बोललात तर ते लाच दिल्यासारखं दिसेल. मे महिन्याच्या सभेत मंडळीकडून नाव येऊ द्या.

आता शनिवारच्या रात्रीबद्दल. माझे बाबा पाळक होते, सिंधुदुर्गाच्या बाजूला. रविवारी संध्याकाळी चर्चला कुलूप लावून घरी आले की ते पुढच्या रविवारचा पाठ आम्हाला मोठ्याने वाचून दाखवत. तेवढंच, विवेचन नाही. सोमवारपासून तो पाठ डोक्यात घेऊन ते घरोघर फिरत. खिशात एक छोटी डायरी असे. त्यांच्यामागे ती आमच्याकडे राहिली. तीत संदेशाचे मुद्दे फार थोडे सापडतात. सापडतं ते असं: एका नावापुढे "गुडघा, पायरी उतरवत नाही". दुसऱ्यापुढे "मुलगा दुबईहून फोन करत नाही". तिसऱ्यापुढे "कलमं जळाली, बोलत नाहीत". गुरुवारी सकाळी ते लिहायला बसत तेव्हा समोर पाठ असे आणि ही डायरी असे. कोणासाठी लिहायचं हे माहीत असलं की काय लिहायचं ते पुष्कळ लवकर सुचतं. तुम्ही शनिवारी रात्री अडता त्याचं कारण मला हेच वाटतं. आठवडाभर माणसं भेटलेली नसतात, मग रिकाम्या पानासमोर बसून तीनशे जणांच्या मंडळीला शोभेल असा संदेश शोधावा लागतो. तुमच्यासमोर पंचवीस जण आहेत. त्या प्रत्येकाचं नाव तुम्हाला ठाऊक आहे, आणि हे तुमच्या पुण्याच्या मित्राला शक्य नाही.

फोनचं एवढंच, की सकाळी दहापर्यंत तो पत्नीकडे देऊन ठेवा. मंडळीवाढीची भाषणं पावसाळ्यापर्यंत बंद.

घरभेटींचं वेळापत्रक मुंबईच्या पद्धतीने आखू नका. वार ठरवून फिरायचं म्हटलं तर इथे फसगत होते. एप्रिल-मेमध्ये बागायतदार घरी सापडत नाही, तो आंबा काढण्यात आणि पेट्या भरण्यात असतो. जुलैत लावणीच्या चिखलातून माणूस वर येत नाही. याउलट १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते, बोटी वर ओढलेल्या असतात, तेव्हा बोटीवर जाणारी माणसं घरात असतात आणि हात रिकामे, खिसाही रिकामा असतो. भेटीची खरी गरज तेव्हाच असते. लावणी संपून गणपती यायच्या आधीचे दिवस सगळ्यांनाच जरा मोकळे. नाताळ आणि मे, चाकरमान्यांचे. असं वर्ष मांडलंत की "या आठवड्यात पुन्हा भेटी झाल्या नाहीत" हे ओझं बरंच उतरेल, कारण काही आठवड्यांत त्या व्हायच्याच नव्हत्या.

आणि वाढीचं. तुम्ही स्वतःला ज्या मापाने मोजता ते इथलं माप नाही. २००१ च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे १६ लाख ९७ हजार होती, २०११ मध्ये ती १६ लाख १५ हजारांवर आली. सिंधुदुर्गही त्याच दहा वर्षांत घटला. देश वाढत होता, महाराष्ट्र वाढत होता, आणि आपले दोन जिल्हे आक्रसत होते. २०११ ला रत्नागिरीत हजार पुरुषांमागे ११२२ बायका होत्या. तुमच्या बाकांवर बायका आणि वयस्कर दिसतात ते म्हणूनच. शाळा ओस पडताहेत, वाड्यांतली घरं बंद आहेत, देवळातल्या पालखीला खांदा द्यायला मुंबईहून माणसं बोलवावी लागतात. एकट्या तुमच्या चर्चने याला अपवाद का असावं? पंचवीस माणसं टिकून असतील, तर ओहोटीच्या पाण्यात तुम्ही पाय रोवून उभे आहात, आणि हे सहा वर्षं तुम्हाला कोणी सांगितलेलं दिसत नाही.

कोकणात पेरलेलं बाहेर उगवतं, हे मंडळीच्या इतिहासातही दिसतं. स्कॉटिश मिशनरी १८२३ मध्ये बाणकोटला आले, पुढे हर्णैलाही राहिले. इथे त्यांच्या हाताला फार काही लागलं नाही आणि काही वर्षांत काम घाटावर पुण्याकडे गेलं. पण १८२९ मध्ये आलेले जॉन विल्सन मराठी शिकले ते हर्णैला, आणि त्या मराठीच्या जोरावर मुंबईत त्यांनी जे शिक्षणाचं काम उभं केलं त्यातून विल्सन कॉलेज झालं. ख्रिस्ती कवी नारायण वामन टिळकांचा जन्म १८६१ चा, याच जिल्ह्यातल्या करजगावचा. बाप्तिस्मा मुंबईत, सेवा नगरला, शेवटी साताऱ्याला. त्यांची भजनं मात्र तुमच्या उपासनेत आजही म्हटली जातात, आणि तुमच्या बायकामंडळींना ती पुस्तकाशिवाय पाठ असतील. बाणकोटच्या त्या माणसांनी रविवारची डोकी मोजली असती तर त्यांच्या वहीत काय दिसलं असतं?

म्हणून एक काम सुचवते, जे वाढीच्या कोणत्याही योजनेपेक्षा मला मोलाचं वाटतं. तुमच्याकडून गेल्या काही वर्षांत किती मुलं डोंबिवली, विरार, पनवेल, पुण्याला गेली त्याची यादी करा. बाप्तिस्म्याचं आणि दृढीकरणाचं रजिस्टर काढलंत की नावं मिळतील. (रजिस्टर राहिलंय म्हणता, ते या निमित्ताने पुरं होईल.) प्रत्येकाला मंडळीच्या सभासदत्वाचा दाखला गेला आहे का बघा. नसेल तर तिथल्या पाळकांना चार ओळी लिहा: अमुक मुलगी तुमच्या भागात खोली घेऊन राहते, नर्सिंगला आहे, आवाज चांगला आहे, घरी एकदा चहाला बोलवा. गाव सोडल्यावरची पहिली दोन वर्षं फार एकाकी असतात. त्या दोन वर्षांत कोणी हाक मारली नाही तर मूल मंडळीपासून सुटतं, आणि ते कोणाच्याच मोजणीत येत नाही. हे काम एकट्याने करू नका. महिला मंडळाला विचारा. कोणाची मुलगी कुठे, कोणत्या चाळीत, कोणाच्या शेजारी, सगळं त्यांना ठाऊक असतं.

पाचारणाचा प्रश्न तुम्ही शनिवारी मध्यरात्री स्वतःला विचारता असं पत्रावरून दिसतं. त्या वेळी तो विचारू नका. थकलेल्या आणि स्वतःवर चिडलेल्या माणसाला त्याचं उत्तर नेहमी "नाही" असंच येतं. हिशेब दिल्यावर, काही भेटी झाल्यावर, पावसाळ्यानंतर विचारा, आणि एकट्याने न विचारता तुमच्या बिशपांशी किंवा एखाद्या अनुभवी पाळकांशी बसून बोला. एक गोष्ट मात्र लांबणीवर टाकू नका. झोप महिनोन्महिने नीट लागत नसेल, जेवणावरची वासना गेली असेल, प्रार्थनेत आणि घरच्यांतही मन लागत नसेल, तर ते टाळाटाळीच्या पलीकडचं आहे. जिल्हा रुग्णालयात डॉक्टरांना दाखवा. टेली मानसच्या १४४१६ या सरकारी क्रमांकावर मराठीतही बोलता येतं. पाळकाने असा फोन केला म्हणून त्याचा विश्वास कमी ठरत नाही.

छपराचं काम फेब्रुवारीत ठरवा. मेमध्ये सुतार आणि गवंडी मिळत नाहीत, साऱ्या गावाची घाई तेव्हाच असते. जुनी कौलं फुटली असतील तर तशी नवी मिळवणं आता कठीण आहे, तेव्हा कौलं की पत्रा हा वाद सुरू होण्याआधीच दोन-तीन जणांकडून दोन्हींचे दर लेखी आणा आणि फळ्यावर लावा.

राहिली तरुणांची उपासना आणि प्रोजेक्टर. तुमच्याच पत्राप्रमाणे तरुण चार आहेत. चौघांना वेगळं बसवलंत तर तिकडे चार उरतील आणि इकडे म्हाताऱ्यांची उपासना उरेल. त्यांना मुख्य उपासनेतच काम द्या. एकाने पाठ वाचावा, एकाने पेटी किंवा तबला धरावा, एकीने मुलांची रविवारची शाळा बघावी. प्रोजेक्टरचा निर्णय तुम्ही घेऊ नका आणि मीही देत नाही. छप्पर गळतं तोवर भिंतीवर विजेचं काही लावायचं नाही, हे नक्की. मेमध्ये चाकरमानी आले की सभेत विषय ठेवा. त्यांच्यातल्या काहींच्या मुंबईच्या चर्चमध्ये प्रोजेक्टर असेल. तो खरोखर वापरात राहतो का, दुरुस्तीला काय लागतं आणि वयस्कर माणसांना पडद्यावरचं वाचता येतं का, हे ते माझ्यापेक्षा नीट सांगतील.

तुमची,
ताई